घरून उघडणारं सर्व्हरचं पॅनल नेमकं कोणाकोणासाठी उघडं आहे?

पत्राचा सारांश: मुंबईतल्या एका वाचकताईंचं पत्र आहे. दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या हिशेब आणि ऑफिस सांभाळतात. लॅबच्या ठाण्याला आणि वसईला शाखा आहेत. रुग्णांना रिपोर्ट ऑनलाइन मिळावेत म्हणून ओळखीतल्या एका मुलाने क्लाउडवर भाड्याचा सर्व्हर घेतला, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि वेबमिन (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याचं पॅनल) बसवून दिलं आणि पुढे नोकरीसाठी तो पुण्याला गेला. तेव्हापासून सर्व्हर ताईंच्या गळ्यात आहे. ब्राउझरमध्ये वेबमिन उघडून अपडेट करणं, डिस्कवरची जागा बघणं, बंद पडलेली सर्व्हिस पुन्हा चालू करणं, बॅकअप घेणं हे सगळं त्या बघून बघून शिकल्या. परवा त्यांचा आतेभाऊ घरी आला होता. तो एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. स्क्रीन बघून तो म्हणाला, "हे आजच काढून टाक. यात मागे बॅकडोअर, म्हणजे गुपचूप ठेवलेलं चोरदार, सापडलं होतं. कमांड लाइन (टाइप करून हुकूम देणं) येत नसेल तर सर्व्हरला हात लावू नये." लॅबचे मालक डॉक्टर म्हणतात, चाललंय ना, मग कशाला छेडायचं. रूटचा, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड तिघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेला आहे. पावसात गाड्या बंद पडल्या की घरूनच काम करावं लागतं, त्यामुळे पॅनल कुठूनही उघडायला हवं, असंही त्या लिहितात. त्यांचे प्रश्न तीन: हे पॅनल ठेवू की काढू? मला कमांड लाइन येत नाही, म्हणजे मी हे काम घ्यायलाच नको होतं का? आणि आमच्या एवढ्याशा लॅबच्या मागे कोण लागणार?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

"आमच्या मागे कोण लागणार" असं म्हणताना आपण धरून चालतो की हल्ला करणारा आधी सावज निवडतो आणि मग त्याच्याकडे वळतो. बँकांच्या बाबतीत तसं होत असेल. तुमच्या सर्व्हरच्या बाबतीत कुणी काही निवडत नाही. इंटरनेटवरचे आयपीव्ही४ चे (जुन्या, अजूनही सर्रास चालणाऱ्या पद्धतीचे) पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. चांगलं कनेक्शन असेल तर एकाच संगणकावरून तो या सगळ्या पत्त्यांवर एखादं ठरावीक पोर्ट (सर्व्हरचं नंबर असलेलं दार) उघडं आहे का, हे पाऊण तासाच्या आत बघून येतो. वेबमिन मुळात १०००० नंबरच्या पोर्टवर बसतं, हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा लॅब दादरला आहे की आणखी कुठे, मोठी आहे की छोटी, यातलं काहीही ठाऊक नसताना यंत्रं तुमच्या पत्त्यावर येऊन चाचपून जातात. खात्री करायची असेल तर वेबमिनमधल्या सिस्टिम लॉगमध्ये जाऊन लॉगिनचे फसलेले प्रयत्न बघा. एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची सुरक्षित सोय; तिचं २२ नंबरचं पोर्ट उघडं असेल तर ती यादी लांबलचक असणार. घाबरू नका, सगळ्यांच्याच सर्व्हरवर ती तशी असते. पण "कोण लागणार" या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिथे मिळेल.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. त्याने सांगितलेली घटना खरी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एप्रिल २०१८ मध्ये वेबमिनची पॅकेजेस जिथे तयार होत, त्या बिल्ड सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं आणि पासवर्ड बदलण्याच्या एका फाइलमध्ये आपला कोड घुसडला. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरचा मूळ कोड स्वच्छ होता. लोक जे तयार पॅकेज उतरवून घेत होते, त्यात ही भेसळ होती. १.८९० या आवृत्तीत तर कुठलंही सेटिंग बदललेलं नसताना, बाहेरचा कुणीही, लॉगिन न करता, रूटच्या अधिकाराने हवी ती कमांड चालवू शकत होता. १.९०० ते १.९२० या आवृत्त्यांमध्ये मुदत संपलेला पासवर्ड बदलू देण्याचं एक सेटिंग चालू असेल तरच हे जमत असे. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रकार उघडकीला आला आणि १.९३० मध्ये तो कोड काढून टाकला गेला. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ हे तसंच चाललं होतं.

वेबमिन एकटंच नाही. सायबरपॅनल नावाचं असंच एक पॅनल आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या २.३.६ आणि २.३.७ या आवृत्त्यांमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि लगोलग हजारो सर्व्हरवर खंडणीचा हल्ला झाला, फाइली कुलूपबंद झाल्या. त्या वेळी इंटरनेटवरून दिसणारे असे सर्व्हर सुमारे २२ हजार होते.

या दोन्ही घटनांत पासवर्ड कितीही लांबलचक असता, लॉगिन करताना मोबाइलवरचा कोड मागितला जात असता, तरी फरक पडला नसता. हल्ला लॉगिनच्या पानाला वळसा घालून झाला. सदोष पॅनल असूनही वाचले ते मुख्यतः असे लोक, ज्यांचं पॅनल बाहेरच्या माणसाला गाठताच येत नव्हतं. म्हणून "ठेवू की काढू" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. असं पॅनल रूटच्या ताकदीने चालतं. त्याच्या पानापर्यंत कोण पोचू शकतं, हे आधी विचारायला हवं. तुमच्या बाबतीत आज त्याचं उत्तर आहे: जगातला कुणीही.

भावाचं दुसरं वाक्य मात्र मला मान्य नाही. कमांड लाइन येणाऱ्याचा सर्व्हर आपोआप सुरक्षित होत नाही. रूटने थेट एसएसएच, तेही पासवर्डवर, आणि पोर्ट सगळ्या जगाला उघडं, असे कमांड लाइनवाले सर्व्हर ढिगाने आहेत. आणि पुरवठ्यातच भेसळ होण्याचा धोका तिथेही असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत असंच बॅकडोअर सापडलं, आणि त्याचा रोख एसएसएचकडेच होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला, म्हणून ते बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचण्याआधी थांबलं.

शिवाय तुम्ही शिकलात ते काम खरं आहे. डिस्क भरत आली हे वेळेवर बघणं, सर्व्हिस बंद पडली हे रुग्णाचा फोन येण्याआधी कळणं, हे करणारं कुणीतरी त्या सर्व्हरला आहे, ही मोठी गोष्ट आहे. अनेक छोट्या संस्थांत तेवढंही नसतं. पत्रातली लाज सोडून द्या. कमांड लाइन थोडी शिकाच, पण ती मोजक्या कामांपुरती: एसएसएचने आत शिरणं, लॉग वाचणं, सर्व्हिसची स्थिती बघणं, आणि पॅनल स्वतःच बंद पडलं तर ते उठवणं. एवढं आलं की एखाद्या दिवशी पॅनल रुसलं तरी तुमचे हात बांधलेले राहणार नाहीत.

आता पावसाचा मुद्दा. गाड्या बंद, पाणी भरलेलं, आणि रिपोर्टचं पान उघडत नाही म्हणून तिन्ही शाखांतून फोन, हे मुंबईत दरवर्षी व्हायचंच. घरून काम करता येणं ही तुमची खरी गरज आहे. पण तुम्हाला कुठूनही उघडता यावं यासाठी ते सगळ्यांसाठी उघडं ठेवावं लागत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात आणि त्याला जादा पैसे लागत नाहीत.

पुष्कळ जण सुचवतात की पॅनलमध्ये फक्त आपल्या आयपी पत्त्याला परवानगी द्या. वेबमिनमध्ये तशी सोय आहेही. ऑफिसच्या कनेक्शनला कायमचा, स्थिर आयपी घेतला असेल तर ती जरूर वापरा. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता मात्र बदलत राहतो, आणि मोबाइल नेटवर तर एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असंख्य ग्राहक असतात. नेमकं ज्या दिवशी गरज, त्या दिवशी तुम्हीच बाहेर अडकाल, आणि मग घाईत कुणीतरी ती यादीच काढून टाकेल.

मला तुमच्यासाठी एसएसएच टनेल जास्त योग्य वाटतो. तुमचा लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात एसएसएचचं बंदिस्त कनेक्शन उघडायचं आणि वेबमिनचं पान त्यातून आणायचं. वेबमिनच्या दृष्टीने विनंती सर्व्हरच्या आतूनच आलेली असते, त्यामुळे १०००० नंबरचं पोर्ट बाहेरच्या जगाला दाखवण्याची गरजच उरत नाही. विंडोजवर पुट्टी हा एसएसएचचा प्रोग्राम वापरत असाल तर कनेक्शन, एसएसएच, टनेल्स या क्रमाने जा. सोर्स पोर्टमध्ये १०००० लिहा, डेस्टिनेशनमध्ये लोकलहोस्ट, अपूर्णविराम आणि १०००० (इंग्रजीत localhost:10000) लिहा, अ‍ॅड दाबा आणि हे सेशन नाव देऊन सेव्ह करा. नंतर रोज फक्त ते सेशन उघडायचं, लॉगिन करायचं आणि ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्याऐवजी लोकलहोस्ट टाकून तेच पोर्ट उघडायचं. ब्राउझर सर्टिफिकेटबद्दल इशारा देईल, कारण सर्टिफिकेटवर लोकलहोस्ट हे नाव नसतं. टनेलमधून स्वतःच्याच सर्व्हरवर आला आहात याची खात्री असेल तर तिथे पुढे जायला हरकत नाही. इतर कुठेही हा इशारा दिसला तर मात्र थांबायचं, पासवर्ड टाकायचा नाही.

एसएसएचचं पोर्ट उघडं राहील, हे खरं. पण सर्व्हर सांभाळण्याचं ते एकच दार राहील आणि त्यावर पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त की-फाइलवर (पासवर्डऐवजी किल्लीसारख्या चालणाऱ्या फाइलवर) ठेवता येतं. मग पासवर्ड ओळखण्याचे ते सगळे प्रयत्न निरर्थक होतात. की-फाइलला पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावा आणि ती स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवा. रिसेप्शनवरच्या पीसीवर ठेवू नका; तिथे दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पेन ड्राइव्ह लागतात आणि तिथून सर्व्हर सांभाळायचाच नाही.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी टनेल चालतो हे एकदा नव्हे, दोनदा बघा. की-फाइलने लॉगिन होतंय हेही बघा. क्लाउड कंपनीच्या वेबसाइटवरून सर्व्हरचा आपत्कालीन कन्सोल उघडता येतो का ते पाहून ठेवा आणि एक स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची आहे तशी प्रत, घ्या. मगच वेबमिन कॉन्फिगरेशनमध्ये पोर्ट आणि पत्त्यांच्या पानावर जाऊन ते फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या स्वतःच्याच पत्त्यावर, ऐकेल असं करा. त्यानंतर क्लाउड कंपनीच्या फायरवॉलमध्ये (कुठलं पोर्ट बाहेरून गाठता येईल ते ठरवणाऱ्या सोयीत) १०००० बंद करा. एसएसएचचा पासवर्ड बंद करताना जुनं सेशन चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत नवं लॉगिन करून बघा, तोवर जुनं सोडू नका. हे काम सकाळच्या सॅम्पलच्या गर्दीत करू नका.

टनेल जमत नसेल, किंवा मोबाइलवरून बघण्याची खरंच गरज असेल, तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून चालणारं खाजगी, बंदिस्त नेटवर्क) हा चांगला पर्याय आहे. ते २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. टेलस्केल ही तयार सेवा वायरगार्डवरच उभी आहे आणि बसवायला सोपी आहे. फक्त मग टेलस्केलचं खातं हीच किल्ली होते, तेव्हा त्या खात्याच्या लॉगिनवर टू-फॅक्टर (पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोड) हवंच.

वेबमिन सोडून कॉकपिट हे दुसरं पॅनल घ्यावं का, असंही कुणी सुचवेल. कॉकपिट चांगलं आहे. रेड हॅटचा त्याला आधार आहे, ते उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून (अधिकृत सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) मिळतं, आणि सर्व्हरवरच्या ज्या खात्याने लॉगिन कराल त्याच खात्याच्या अधिकारात चालतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सांगेन. पण ते ९०९० पोर्टवर सगळ्या जगाला उघडं ठेवलंत तर आपण पुन्हा जिथल्या तिथे. तुमचा हात वेबमिनवर बसला आहे, तर पॅनल बदलण्याची घाई नको, आधी पोर्ट झाका.

एक तपासणी मात्र आजच करा: वेबमिनची आवृत्ती. ती १.८९० ते १.९२० च्या दरम्यान निघाली तर नुसतं अपडेट करून थांबू नका. अपडेटने भोक बुजतं, पण आधीच आत आलेला बाहेर जात नाही. अशा वेळी नवा सर्व्हर उभा करून फक्त डेटा तपासून तिकडे न्यायचा आणि सगळे पासवर्ड बदलायचे. ते तुमच्या एकटीचं काम नाही, त्यासाठी जाणकार माणूस पैसे देऊन बोलवा. आवृत्ती नवी असेल तर ती कुठून आली ते बघा. त्या मुलाने एखादी फाइल उतरवून बसवली असेल, तर उबुंटूच्या नेहमीच्या अपडेटमध्ये वेबमिन येतच नसेल. वेबमिनच्या अधिकृत साइटवर दिलेलं भांडार जोडून घ्या. सर्चमध्ये पहिलं दिसलेलं पान किंवा कुणी पाठवलेली फाइल यावरून असलं सॉफ्टवेअर कधीही बसवू नका.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात सर्वांत काळजीची गोष्ट ही आहे. रूटचा पासवर्ड तिघांच्या मोबाइलमध्ये आहे, त्यांच्या चॅट बॅकअपमध्ये आहे, आणि त्यातला एखादा जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये गेलाही असेल. शिवाय वेबमिन कुणी काय केलं याची नोंद ठेवतं, पण सगळेच रूट म्हणून येत असतील तर प्रत्येक ओळीत रूटच लिहिलेलं असणार. उद्या काही फाइली उडाल्या तर बोट तुमच्याकडे वळेल आणि तुमच्याजवळ दाखवायला काही नसेल. प्रत्येकाचं वेगळं खातं हवं, ते तुमच्या बचावासाठीसुद्धा.

वेबमिनमध्ये वेगळे वापरकर्ते करून त्यांना ठरावीक मॉड्यूलच देता येतात. ठाण्याच्या शाखेतल्या माणसाला फक्त सर्व्हिस पुन्हा चालू करायची असेल तर तेवढंच द्या. फाइल मॅनेजर, टर्मिनल किंवा ठरावीक वेळी कमांड चालवणारं क्रॉनचं मॉड्यूल दिलंत तर मात्र तो माणूस जवळपास रूटच झाला, नाव काहीही असो. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक खात्याला वेबमिनचं टू-फॅक्टर चालू करा. पोर्ट झाकल्यावर ते दुसरं कवच म्हणून उपयोगी आहे.

डॉक्टरही त्या ग्रुपवर असतील, तर त्यांना पासवर्ड का हवा आहे, हे कधी विचारलंत का? मला वाटतं त्यांना सर्व्हर चालवायचा नाही. उद्या तुम्ही रजेवर गेलात, नोकरी सोडलीत, तर लॅब अडून राहू नये, एवढीच त्यांची काळजी असावी, आणि मालक म्हणून ती रास्त आहे. तेव्हा "तुम्हाला पासवर्ड देणार नाही" असं सांगू नका. "सर, तुमच्यासाठी पक्की सोय करते" असं सांगा: आपत्कालीन खात्याचा तपशील, क्लाउड खात्याचे रिकव्हरी कोड, डोमेन कुठे नोंदवलं आहे आणि बॅकअप कुठे आहे, हे कागदावर लिहून बंद पाकिटात, त्यांच्या सहीनिशी, लॅबच्या तिजोरीत. पाकीट उघडलं गेलं की पासवर्ड बदलायचा, एवढाच नियम.

त्यानिमित्ताने एक गोष्ट शोधून काढा, जिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. क्लाउड कंपनीचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे? सर्व्हर उभा करणारा मुलगा पुण्याला गेला. खातं आणि डोमेन त्याच्याच वैयक्तिक ईमेलवर असण्याची दाट शक्यता आहे. ते खातं ज्याच्या हातात, त्याला तुमच्या कुठल्याही पॅनलची गरज नाही. तो पूर्ण सर्व्हर पुसू शकतो, त्याची प्रत काढू शकतो. तो मुलगा भला असेल, असेलच, पण त्याचा ईमेल उद्या कुणी चोरला तर? त्याला प्रेमाने फोन करा, खातं लॅबच्या ईमेलवर घ्या, टू-फॅक्टर लावा आणि सर्व्हरवर त्याची जुनी की-फाइल असेल तर ती काढा.

हाच विचार त्या वाचकांनीही करावा, ज्यांचं पॅनल त्यांच्या सर्व्हरवर नसून दुसऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर आहे. हल्ली अशा सेवा बऱ्याच आहेत; आपला सर्व्हर त्यांना जोडून दिला की त्या दुरून सगळं सांभाळतात. त्यात पोर्ट झाकण्याची कटकट कमी होते, पण तुमच्या सर्व्हरच्या रूटची किल्ली कायम त्यांच्याकडे असते. घेण्याआधी बघा की त्या खात्याला टू-फॅक्टर आहे का, कोणी काय केलं ते दिसतं का, आणि सेवा सोडल्यावर त्यांची किल्ली व एजंट (आपल्या सर्व्हरवर बसवलेला त्यांचा प्रोग्राम) काढून टाकण्याची कृती स्पष्ट लिहिलेली आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साइटवर सापडत नसेल तर मी ती सेवा घेणार नाही.

बॅकअप वेबमिनमधून घेता असं लिहिलंय. तो त्याच सर्व्हरवर पडतो का? तसं असेल तर खंडणीचा हल्ला झाल्यावर मूळ डेटाबरोबर तोही जाईल. बॅकअप वेगळ्या खात्यात, असा ठेवा की सर्व्हरला तिथली जुनी प्रत पुसण्याचा अधिकारच नसेल. आणि तीन महिन्यांतून एकदा तो रिकाम्या सर्व्हरवर रिस्टोअर करून जुना एखादा रिपोर्ट उघडून बघा.

डॉक्टर "चाललंय ना" म्हणतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. तुमच्याकडे माणसांचे रक्ताचे रिपोर्ट आहेत. कुणाचा मधुमेह, कुणाची एचआयव्हीची चाचणी, कुणाचं गरोदरपण, आणि ते त्या माणसांनी लॅबवर विश्वास ठेवून दिलं आहे. दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हा बरेच दिवस तिथलं काम कागदावर चाललं. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, असं कारण सरकारने संसदेत दिलं, म्हणजे कोण कुठपर्यंत पोचू शकतं हाच प्रश्न तिथेही होता. दुसरी गोष्ट कायद्याची. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनांची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात, आणि हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लॅबला एवढा दंड होईल असं नाही, पण जबाबदारी मालकाची आहे हे यातून त्यांना दिसेल. हे सांगून त्यांच्याकडे एकच मागणी करा: दर तिमाहीला काही तासांसाठी एका जाणकार माणसाचं मानधन. तो येऊन अपडेट, खाती, बॅकअप आणि रिपोर्टची वेबसाइट तपासेल. रोजचं काम तुम्ही करा. ती वेबसाइट रुग्णांसाठी उघडी ठेवावीच लागते, टनेलमागे नेता येत नाही, त्यामुळे तिची तपासणी तुमच्या एकटीवर सोडणं योग्य नाही.

भाऊ कडक बोलला, पण त्याला काळजी वाटली म्हणून बोलला. त्याच्याकडे "शिकव" अशी मोघम विनंती न करता नेमकं काम मागा: एखाद्या रविवारी येऊन टनेल आणि की-फाइल लावून दे, शेजारी बसून मला करू दे. काम झालं की तुमच्या मोबाइलचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून सर्व्हरचा पत्ता १०००० पोर्टसह उघडून बघा. पान येता कामा नये. आलं, तर तीन ठिकाणी बघा. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये दुसरा एखादा नियम अजून परवानगी देत असेल. सर्व्हरला आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीचा) पत्ता असेल आणि त्याचे नियम वेगळे राहिले असतील. आपल्याकडच्या मोबाइल नेटवर आयपीव्ही६ सर्रास असतं, म्हणून ही चाचणी मोबाइलवरूनच करायची. किंवा कुणी डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात ठेवून चालवणाऱ्या साधनात) काही चालवलेलं असेल. डॉकर आपली पोर्ट उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला न विचारता उघडतो, तिथे बंद लिहिलेलं असूनही. ते नीट झालं की वायफाय बंद ठेवूनच ठाण्याच्या आणि वसईच्या शाखेत फोन लावा आणि रिपोर्टचं पान तिथे उघडतंय ना, विचारा.